शून्य पाहायला गेलेल्या दोघी

दिवस पहिला

मला खरं तर शून्य पाहायचं होतं. आटपाडीकडच्या एका हायस्कुलात ३३ वर्षं गणित शिकवलं. त्यात कधीतरी वाचनात आलं की जगातल्या सगळ्यात जुन्या लिखित शून्यांपैकी एक कंबोडियातल्या एका दगडावर कोरलेलं आहे. ‘निवृत्त झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता निवृत्तीलाही सात वर्षं झाली. धाकटीला अंगकोर वाट पाहायचं होतं. ती ठाण्याला असते, बँकेत होती, त्यामुळे खर्चाचं गणित तिच्याकडे आणि उरलेलं माझ्याकडे.

क्वालालंपूरमार्गे नॉम पेन्हला उतरलो. विमानतळ नवाकोरा, सप्टेंबर २०२५ मध्येच सुरू झालेला. धाकटीच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दहा दिवस पुरतील इतक्या दशम्या. तपासणीवाल्या मुलीने चटणीचा डबा उघडून वास घेतला, शिंकली आणि जाऊ दिलं.

गाडी आधीच ठरवली होती. चालक ५८ वर्षांचा, कामापुरतं इंग्रजी बोलणारा. त्याने मला ‘बोंग’ म्हणायला सुरुवात केली. इथल्या ख्मेर भाषेत वयाने मोठ्या भावंडाला बोंग म्हणतात. म्हणजे इथेही मी ताईच. मग आम्हीही त्याला भाऊ म्हणू लागलो आणि आठवडाभर हीच नाती चालली.

दिवस दुसरा

सकाळी राष्ट्रीय संग्रहालय. लालसर रंगाची, शिंगासारख्या टोकांच्या छपरांची इमारत. आत विष्णू, हरिहर, गरुड. धाकटी प्रत्येकापुढे हात जोडत चालली होती, मी पहारेकऱ्यांना विचारत दगड शोधत होते.

सापडला. मेकाँगकाठच्या सांबोरचा शिलालेख. त्यावर कालगणना आहे ती शकाची. आपल्या पंचांगात असतो तोच शक! ‘शके ६०५, वद्य पंचमी’ अशा अर्थाची ओळ. इसवी सन ६८३. सहा आणि पाच या आकड्यांच्या मध्ये एक ठिपका. तेच शून्य. मी बोटाने हवेत तो ठिपका काढून पाहिला. या दगडाचं वाचन फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सेदेस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. नंतरच्या धामधुमीत दगड कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं, २०१३ साली तो पुन्हा हाती लागला.

नंतरची धामधूम म्हणजे ख्मेर रूज या कम्युनिस्टांची १९७५ ते १९७९ ची राजवट. तिला बाहेरच्या जगाने ‘शून्य वर्ष’ असं नाव दिलं. मला ते नाव कधीच पटलं नाही. शून्यामुळे आकड्याला स्थान मिळतं, ६०५ मधला पाच पाचाच्याच जागी राहतो. पाटी पुसणं हे शून्याचं काम नव्हे.

बाहेर आलो तर रस्ते सजलेले. ९ नोव्हेंबर, इथला स्वातंत्र्यदिन. १९५३ साली फ्रेंच गेले. वान मोलिवान या वास्तुकाराने बांधलेल्या कमळाकार स्मारकाशी फुलं, झेंडे, गणवेशातली शाळकरी मुलं. जवळच नॉरोदम सिहानूक यांचा पुतळा. हा माणूस समजला नाही तर पुढचं काही समजत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी राजा होता. १९५५ साली गादी वडिलांना देऊन राजकारणात उतरला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या संघटनेने सगळ्याच्या सगळ्या जागा जिंकल्या. विरोधक धाकाने गप्प बसले, नाहीतर जंगलात गेले. लोक मात्र त्याला देवासारखे मानत. त्याने गावोगावी शाळा काढल्या, विद्यापीठं काढली. त्यातून शिकून बाहेर पडलेल्या पोरांना पुरतील इतक्या नोकऱ्या मात्र निघाल्या नाहीत. शहरात शिकलेले बेकार, खेड्यात कर्जात बुडालेले शेतकरी आणि दोघांचं ऐकून घेणारं सभागृह नाही. ‘ख्मेर रूज’, म्हणजे लाल ख्मेर, हे नाव डाव्यांना सिहानूकनेच दिलेलं.

१८ मार्च १९७० रोजी तो परदेशी असताना संसदेने त्याला पदावरून काढलं आणि सूत्रं जनरल लोन नोलकडे गेली. चिडलेला सिहानूक बीजिंगमध्ये बसला आणि ज्यांचा त्याने पाठलाग केला होता त्याच लाल मंडळींशी हातमिळवणी करून ‘जंगलात जा, लढा’ असं आवाहन रेडिओवरून करू लागला. खेड्यातली हजारो पोरं राजासाठी म्हणून गेली. साम्यवाद कशाशी खातात ते त्यातल्या किती जणांना माहीत असेल!

वरून अमेरिकेची विमानं. व्हिएतनामी तळांवर म्हणून १९६९ पासून आणि मग ख्मेर रूजवर म्हणून ऑगस्ट १९७३ पर्यंत जवळपास पाच लाख टन बॉम्ब या देशावर पडले. नेआक लुओंग या गावावर तर चुकून, तेही सरकारच्या ताब्यातल्या गावावर. गावं सोडून माणसं राजधानीत आली. सहा-सात लाखांचं शहर वीस लाखांच्या वर गेलं. लोन नोलचे अधिकारी यादीत नसलेले सैनिक दाखवून त्यांचे पगार खात, काही तर शस्त्रं शत्रूलाच विकत. तांदूळ विमानाने आणावा लागे.

संध्याकाळी भाऊने मोनिवोंग रस्त्यावरून गाडी नेली. १७ एप्रिल १९७५ च्या सकाळी याच रस्त्याने ख्मेर रूजची काळ्या कपड्यांतली, पायात टायरच्या चपला घातलेली पोरं शहरात शिरली. लोकांनी पांढरे कपडे फडकावले, टाळ्या वाजवल्या. लढाई संपली, आता भात स्वस्त होईल. दुपारपर्यंत कर्णे फिरू लागले : अमेरिकन बॉम्ब टाकणार आहेत, दोन-तीन दिवसांसाठी शहर सोडा. इस्पितळं रिकामी केली, सलाइनच्या बाटल्यांसकट माणसं खाटांवरून ढकलत नेली. ते दोन-तीन दिवस पावणेचार वर्षांनी संपले.

दिवस तिसरा

आजचं लिहायला दोन रात्री लागल्या.

तुओल स्लेंग. बाहेरून बघितलं आणि मी धाकटीला म्हटलं, “अगं, ही शाळा आहे.” तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे मैदान, नारळ, चाफा. जिल्हा परिषदेला बऱ्यापैकी निधी मिळाला असता तर आमची शाळा अशीच झाली असती. ही खरोखर शाळाच होती. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला, सांकेतिक नाव एस-२१. वर्गावर्गांच्या मधल्या भिंती फोडून आरपार दारं पाडली, आत विटांच्या कोठड्या रचल्या, माणूस नीट झोपू शकणार नाही एवढ्या. काही वर्गांत नुसत्या लोखंडी खाटा आणि बेड्या. व्हरांड्यांना काटेरी तारेची जाळी, कैद्याने वरून उडी मारून सुटू नये म्हणून. मैदानात व्यायामाची उंच लाकडी चौकट अजून उभी आहे. मुलं जिला लोंबकळत, तिलाच पुढे माणसं उलटी टांगली गेली.

मग फोटो. आत आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढला जाई, छातीवर क्रमांक. ओळीने शेकडो चेहरे. काही बायांच्या मांडीवर तान्ही मुलं. एक मुलगा आठवीतला वाटला. आठवीतली मुलं मला लांबून ओळखू येतात.

हे सगळं चालवणारा होता कायंग गेक एव, टोपणनाव डुच. आणि तो होता गणिताचा मास्तर.

मला हे आधी माहीत नव्हतं. ऑडिओ गाइडच्या बाईने शांतपणे सांगितलं आणि मी चाफ्याखालच्या बाकावर जाऊन बसले. डुच हुशार, गरीब घरातला, शिष्यवृत्तीवर शिकलेला. पुढे त्याच्यावर खटला चालला तेव्हा त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी साक्षीत सांगितलं की तो चांगला शिक्षक होता, मनापासून शिकवायचा. सिहानूकच्या काळात त्याला डावा म्हणून तुरुंगात टाकलं होतं. त्याचा वरिष्ठ सोन सेन अध्यापन संस्थेत अभ्यासक्रमाचा प्रमुख होता. परराष्ट्रमंत्री इएंग सारी शिक्षक. राजवटीचा प्रमुख पोल पॉट, मूळ नाव सालोथ सार, पॅरिसला रेडिओचं शिक्षण घ्यायला गेला, परीक्षेत नापास होऊन परतला आणि नॉम पेन्हच्या खासगी शाळेत इतिहास आणि फ्रेंच साहित्य शिकवू लागला. मृदू आवाजाचा, विद्यार्थ्यांना आवडणारा. त्याची बायको ख्यू पोन्नारी, शिक्षिका. असं हे शिक्षकांचं सरकार! आणि त्यांनी देशातल्या शाळा बंद केल्या, शिक्षकांना वेचून मारलं.

एस-२१ चं काम कसं चालायचं ते मला लगेच कळलं, कारण ते गणित आहे. आलेल्या माणसाला छळून कबुलीजबाब लिहून घ्यायचा. त्यात त्याने साथीदारांची नावं द्यायचीच. ती माणसं आणायची, त्यांच्याकडून आणखी नावं. भूमितीय श्रेढी, दर पायरीला पटीने वाढणारी. दहावीच्या मुलांना मी सांगायचे, या श्रेढीला आवर घालणारं काही नसेल तर ती सगळं गिळते. इथे तिने आधी जुन्या राजवटीचे लोक गिळले, मग स्वतःच्याच पक्षाचे. या भिंतींवरचे कितीतरी चेहरे ख्मेर रूजच्याच कार्यकर्त्यांचे आहेत. माहितीमंत्री हू निम १९७७ मध्ये इथेच आला, इथेच संपला. १२,००० हून जास्त नावं कागदोपत्री सापडली आहेत, काही अंदाज १८,००० पर्यंत जातात. जिवंत राहिले ते मोजके. वान नाथ आणि बू मेंग चित्रं काढता येत म्हणून वाचले, चुम मेय यंत्रं दुरुस्त करता येत म्हणून.

काचेखाली कबुलीजबाबांची पानं. डुच ती वाचायचा, समासात शेरे मारायचा. हा मुद्दा नीट आलेला नाही, इथे पुन्हा विचारा. कैद्यांच्या एका यादीवर त्याचा शेरा आहे, सगळ्यांना संपवा. बरेच शेरे लाल शाईत. माझ्या पर्समध्ये तेव्हाही लाल पेन होतं. सवयीने असतंच.

धाकटी शेजारी येऊन बसली. “ताई, चल ना, पुरे.” मी म्हटलं, “थांब जरा.” ती थांबली. एरवी थांबणाऱ्यातली नाही.

डुचला २०१० मध्ये शिक्षा झाली, अपिलात २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली, २०२० मध्ये तो मेला. एवढ्या सगळ्या राजवटीपैकी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या त्या न्यायालयात शिक्षा झाली तिघांना : डुच, पोल पॉटच्या खालोखालचा नुओन चिआ आणि राष्ट्रप्रमुख ख्यू साम्फान.

दुपारी चुंग एक. शहराबाहेरची फळबाग, तिथे रात्री ट्रक भरून माणसं नेत. गोळ्या महाग म्हणून कुदळी, फावडी, बैलगाडीचे आस. १२९ खड्डे आहेत, त्यातले ८६ उकरून जवळपास नऊ हजार जणांचे अवशेष बाहेर काढले, उरलेले तसेच राहू दिले. पावसाळ्यानंतर मातीतून कापडाच्या चिंध्या वर येतात. नुकताच पाऊस संपला होता. एका झाडापाशी पाटी आहे, लहान मुलांबद्दल. ती मी इथे लिहीत नाही.

परतताना तिकीट-खिडकीपाशी जागतिक वारसा यादीची पाटी दिसली. ही स्थळं गेल्या जुलैत यादीत गेली, आपले रायगड, शिवनेरी, जिंजीसह बारा किल्ले गेले त्याच अधिवेशनात. गावात त्या दिवशी पेढे वाटले होते. त्याच यादीत ही शाळाही आहे हे आमच्यापैकी कुणाच्या कानावरही आलं नव्हतं.

दिवस चौथा

सकाळी धाकटीच्या हट्टाने पैशांचं संग्रहालय. बँकवाली ना ती. ख्मेर रूजने चलनच रद्द केलं, मध्यवर्ती बँक सुरुंगाने उडवली. गंमत अशी की त्यांनी स्वतःच्या नोटा छापून घेतल्या होत्या, पण चलनात आणल्याच नाहीत. पैसा नाही, बाजार नाही, पगार नाही, टपाल नाही. १९७९ नंतरही काही काळ तांदूळच चलन होता, एका डब्याला इतकी मिठाची पुडी, अशा हिशेबाने. रिएल पुन्हा सुरू झाला मार्च १९८० मध्ये. धाकटी बराच वेळ त्या न वापरलेल्या नोटांपुढे उभी होती. “ताई, पैसा वाईट म्हणतात सगळे. पण खिशात पैसा असला की माणूस निदान दुसऱ्या दुकानात तरी जाऊ शकतो. इथे दुकान एकच.”

ते एकच दुकान म्हणजे ‘अंगकार’. ख्मेरमध्ये अर्थ नुसता ‘संघटना’. कोण आहे, कुठे बसते, काही सांगायचे नाहीत. अंगकारने सांगितलं आहे, अंगकारला अननसासारखे चहूकडे डोळे आहेत. सत्तेवर कम्युनिस्ट पक्ष आहे हेसुद्धा त्यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये जाहीर केलं. तक्रार करायची तर कुणाकडे?

मग बट्टांबांगचा रस्ता, पाच-सहा तासांचा. दुतर्फा भात पिवळा झालेला, कापणीची यंत्रं शेतात. पुरसातला चहा. या प्रांतात तुओल पो च्रेय नावाची जागा आहे. लोन नोलच्या शरण आलेल्या सैनिकांना वरिष्ठांची भेट घडवतो म्हणून गाड्यांतून नेलं आणि तिथे गोळ्या घातल्या.

भाऊ एरवी गप्प असतो. मी विचारलं, शाळा किती झाली? म्हणाला, “दुसरीपर्यंत. मग तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस.” पुढे काही नाही. इथे सगळे तो काळ असाच मोजतात, इतका नेमका, तोंडपाठ. मी गाडीतच हिशेब केला. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९, व्हिएतनामी सैन्याने नॉम पेन्ह घेऊन ही राजवट उलथली तो दिवस. एकूण १,३६१ दिवस. वर्ष-महिन्यांत मांडलं तर तीन वर्षं, आठ महिने, एकवीस दिवस येतात. मी म्हटलं, भाऊ, एक दिवस कमी पडतो. तो हसला. “बोंग, सगळे असंच म्हणतात.”

रात्री वाटलं, टाळ्या वाजवल्या ती सकाळ कुणी धरत नसेल.

दिवस पाचवा

बट्टांबांग म्हणजे कंबोडियाचं भाताचं कोठार. न्याहारीला बॉबॉ मिळाला. आपली पेजच की! धाकटी खूश, त्यात मेतकूट कालवून दोन वाट्या खाल्ल्या.

इथूनच सगळं सुरू झालं असं म्हणता येईल. ख्मेर भात तेव्हा चोरून व्हिएतनामच्या सीमेवर जाई, तिथे भाव चांगला. सरकारच्या हातचा निर्यातीचा पैसा बुडू लागला. मग १९६७ साली सैनिक घेऊन अधिकारी गावोगाव फिरले आणि बाजारापेक्षा खूप कमी, सरकारी भावाने सक्तीने भात घेऊ लागले. लेव्ही म्हटलं की आमच्या वडिलांचं तोंड कडू व्हायचं, त्यामुळे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय जमिनी बळकावल्याची चीड होतीच. एप्रिलमध्ये सामलौत भागात शेतकऱ्यांनी भात गोळा करणारे सैनिक मारले, चौक्यांवर हल्ले केले. सरकारने गावं जाळून उत्तर दिलं. लोक जंगलात पळाले. जंगलात वाट पाहत कोण होतं? हेच पॅरिसहून आलेले, शाळा सोडून गेलेले मास्तर. जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी याच प्रांतात सशस्त्र लढा पुकारला.

शेतकऱ्याचा राग खरा होता. त्या रागाचा त्यांना सौदा करायला मिळाला, कारण दुसरं गिऱ्हाईक सरकारने शिल्लक ठेवलं नव्हतं. वर्तमानपत्रं दाबलेली, विरोधी पक्ष मोडलेला. आणि सत्ता आल्यावर या मास्तरांनी त्याच शेतकऱ्याचा सगळा भात घेतला, भाव न देता.

कसा घेतला तेही गणितच. १९७६ च्या चार वर्षांच्या योजनेत लिहिलं, दर हेक्टरी तीन टन भात. युद्धाआधीच्या दुपटीहून जास्त. ना खत, ना बैल, ना जाणकार माणूस. खालच्या कार्यकर्त्याने ‘झाले तीन टन’ असं कळवलं, कारण न कळवणारा एस-२१ ला जाई. वरच्यांनी त्या आकड्यावरून वाटा उचलला. गावात राहिलं ते पेजेपुरतं. मग उपासमार का? कारण कुणीतरी घातपात करत असणार. धरा त्यांना. मुलाने उत्तर आधी लिहून पायऱ्या मागून जुळवल्या की मी शून्य गुण देत असे. ही अख्खी राजवट तशी होती.

शहरातून हाकललेले ‘नवे लोक’, खेड्यातले ‘मूळ लोक’. नव्यांना तोंडावर म्हणत : तुला ठेवून लाभ नाही, गमावून तोटा नाही. भाऊचे आईवडील बट्टांबांग शहरातले, म्हणजे नवे. वडिलांचं तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

दुपारी नॉम सांपाव ही टेकडी. वर देऊळ, माकडं, पोटात गुहा. गुहेच्या छताला भोक आहे, तिथून माणसं खाली ढकलली. आता खाली निजलेला बुद्ध आणि काचेच्या पेटीत हाडं. संध्याकाळी डोंगराच्या दुसऱ्या कपारीतून वटवाघळं निघतात, लाखोंनी, धुराच्या दोरीसारखी. खाली खुर्च्या मांडून उसाचा रस विकतात. आम्हीही प्यायलो. गुहा आणि रस एकाच संध्याकाळी कसे बसतात ते विचारू नका, बसले.

दिवस सहावा

पोल पॉट जिथे १९९८ मध्ये मेला आणि टायर-कचऱ्यावर जाळला गेला, ते अनलाँग वेंग पाहावं असं मनात होतं. भाऊ ठाम नाही म्हणाला. थायलंडशी जुलैत लढाई झाली, सीमा बंद, वातावरण अजून तापलेलं. ट्रापेआंग थ्मापर्यंत येईन, पुढे नाही.

बरं झालं. मला हेच पाहायचं होतं. मातीचा लांबच लांब बांध, मागे आकाशाएवढं पाणी, कमळं, म्हशी. आता हे सारस पक्ष्यांसाठी राखीव आहे, पण सारस उन्हाळ्याकडे येतात, आम्हाला बगळेच दिसले. १९७७ साली हजारो माणसांनी हा बांध हातांनी घातला. कावडीला दोन टोपल्या, माणशी रोज इतके घनमीटर माती, माप भरलं नाही तर पेजही कमी. आजारी म्हणजे आळशी, आळशी म्हणजे शत्रू. कर्ण्यांवर क्रांतीची गाणी. नुओन चिआ आणि ख्यू साम्फान यांच्यावरच्या खटल्यात हा बांधही आला.

मी बांधावरून चालले आणि मला आई दिसली. १९७२ चा दुष्काळ, मी बारा वर्षांची. आई पाझर तलावाच्या कामावर, डोक्यावर माती. मुकादम माप घ्यायचा, मस्टरवर अंगठा, कधी खोटा अंगठा. तो पैसे खायचा हे सगळ्यांना ठाऊक. मुलांना सुकडी, घरी मिलोच्या लालसर भाकरी. भूक आमच्याकडेही होती, राग होता आणि मातीची टोपली तर हीच होती.

पण आई संध्याकाळी घरी यायची. मजुरी थकली तर बाया मिळून तहसीलवर मोर्चा न्यायच्या, लाटणी घेऊन. मुकादम बदलून मिळायचा, दुसराही तसाच निघायचा, मग पुन्हा मोर्चा. वर्तमानपत्रात दुष्काळाच्या बातम्या यायच्या, विधानसभेत आरडाओरडा व्हायचा. आम्ही तो ऐकून हसायचो, नुसता गोंधळ घालतात म्हणून. त्या गोंधळातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. नॉम पेन्ह मोकळं झालं त्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. मधल्या काळात आणीबाणीही येऊन गेली. आमचे मराठीचे सर तिच्यात आत गेले, तेव्हा ‘आता गाड्या वेळेवर धावतात’ म्हणणारे शेजारीपाजारी कमी नव्हते. सर परत आले आणि कवितेचा राहिलेला भाग पूर्ण केला.

हे मी धाकटीला सांगितलं. ती तेव्हा पाच वर्षांची, तिला फक्त सुकडीची चव आठवते. भाऊला आम्ही इंग्रजीत थोडं सांगितलं. त्याने एकच विचारलं, “तुमच्या आईला मजुरी मिळत होती?” हो म्हटलं. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

दिवस सातवा

अंगकोर वाट. पहाटे अंधारात तळ्याकाठी गर्दी, सूर्य उगवला, फोटो झाले. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. समुद्रमंथनाचं लांबलचक शिल्प धाकटीने पूर्ण पाहिलं, मी अर्ध्यावर पायरीवर बसले. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने इथे डागडुजी केली. १९७९ नंतर जगातले बरेच देश व्हिएतनामच्या पाठिंब्याने आलेल्या नव्या सरकारला मान्यता द्यायला तयार नव्हते, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची हाकललेल्या ख्मेर रूजकडेच ठेवली गेली. भारताने १९८० मध्ये मान्यता दिली. या देशाच्या जवळपास हर एक झेंड्यावर हेच देऊळ आहे, ख्मेर रूजच्या लाल झेंड्यावरही होतं, पिवळ्या तीन शिखरांचं. अंगकोर बांधणारे लोक काहीही करू शकतात, असं ते म्हणत. बांध, कालवे, तीन टन भात, सगळं त्यातूनच.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, घरी चला. त्याची मुलगी सिएम रिआपला असते. पत्र्याचं घर, बाहेर झोपाळा, आत भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो. नात तिसरीत. आजीबाई गणित शिकवतात हे कळल्यावर वही घेऊन आली. ख्मेर आकडे आपल्या आकड्यांचेच भाऊबंद, पण मोजणी मजेशीर. पाचापर्यंत वेगळी नावं, मग सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन. तिने बोटांवर म्हणून दाखवलं, मी मागोमाग म्हटलं, चुकले, ती खदाखदा हसली.

वहीत दहा बेरजा होत्या. नऊ बरोबर. एकीत हातचा विसरलेला. माझा हात पर्समध्ये गेला आणि लाल पेन लागलं. मी ते तिथेच सोडलं. तिची शिसपेन्सिल मागून घेतली, हातच्याचा एक बारीक वर लिहिला आणि वही तिच्याकडे सरकवली.